टेन्युअरचं घड्याळ, व्हिसाचं घड्याळ: अमेरिकेत ईसीईचे प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या वेगवेगळ्या विद्यापीठांतून मला मराठी मुलामुलींच्या मेल येतात, बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात. कुणाची पीएचडी संपत आलेली असते, कुणी पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या, दुसऱ्या वर्षात असतं. सगळ्यांना असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असतं आणि सगळे पेपर, सायटेशन, रिसर्च स्टेटमेंट याबद्दल विचारतात. ते त्यांचे गाईड माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. व्हिसाबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. तो विषय ‘नोकरी लागल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवलेला असतो. मीही तसाच ठेवला होता, आणि त्याची किंमत माझ्या नवऱ्याने तीन वर्षं घरी बसून मोजली. म्हणून हे लिहिते आहे.

इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, म्हणजे इथल्या बोलीत ईसीई. या विभागात बाहेरून आलेल्या माणसाची दोन घड्याळं एकाच वेळी टिकटिकत असतात. पहिलं टेन्युअरचं, म्हणजे नोकरीत कायम होण्याचं: साधारण सहा वर्षांत काम दाखवायचं, नाही जमलं तर सातवं वर्ष दुसरी नोकरी शोधण्यात घालवायचं. दुसरं व्हिसाचं: एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मुदतही मुळात सहाच वर्षांची, आणि तेवढ्यात ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला पाहिजे. शेजारच्या खोलीतल्या अमेरिकन सहकाऱ्याच्या भिंतीवर दुसरं घड्याळ नसतंच. तो मनाने कितीही चांगला असला तरी त्याबद्दल तुम्हाला काही सांगू शकणार नाही.

ही वाट आपल्याकडच्यांनी पूर्वी चाललेली आहे. पुण्यात जन्मलेले थॉमस कैलाथ १९५६ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, आपल्या सीओईपीतून, बीई झाले आणि १९५७ मध्ये एमआयटीला आले. १९६१ मध्ये तिथून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिले विद्यार्थी. १९६३ मध्ये ते स्टॅनफर्डला सहयोगी प्राध्यापक झाले आणि १९६८ मध्ये पूर्ण प्राध्यापक. त्या काळी कायमचं राहण्यासाठी भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा होत्या. १९६५ च्या कायद्याने तो कोटा मोडला. आज रोजगारावर आधारित ग्रीन कार्ड वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार असतात, पण त्यांतली ७ टक्क्यांहून जास्त साधारणपणे एका देशाला मिळत नाहीत. भारतातून अर्ज करणारे इतके आहेत की आपली रांग काही प्रवर्गांत दहा-दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. या रांगेतली तुमची जागा तुमचा अर्ज दाखल झाल्याच्या तारखेने ठरते. तिला प्रायॉरिटी डेट म्हणतात. पुढचं सगळं वाचताना हा शब्द लक्षात ठेवा.

पहिली पायरी: पीएचडीतच फाईल सुरू करा

गाईड निवडताना त्यांचा विषय सगळेच बघतात. तुम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादीही बघा. त्यांतले किती जण आज कुठे शिकवतात? ज्या गाईडचे पाच-सहा विद्यार्थी प्राध्यापक झाले आहेत, त्यांना शिफारसपत्र कसं लिहायचं आणि कुणाला फोन करायचा हे माहीत असतं. सगळे विद्यार्थी कंपन्यांत गेले असतील तर त्यात वाईट काही नाही, पण तुमच्यासाठी ती वाट तुम्हालाच पाडावी लागेल.

टीएशिप, म्हणजे प्राध्यापकाला शिकवण्यात मदत करायचं काम, ओझं म्हणून ढकलू नका. एखादा उन्हाळी कोर्स स्वतंत्रपणे शिकवायची संधी मिळाली तर घ्याच. सर्किट्स किंवा सिग्नल्स अँड सिस्टिम्सचा दुसऱ्या वर्षाचा वर्ग एकट्याने चालवलेला उमेदवार निवड समितीला वेगळा दिसतो. मी स्वतः अशा समित्यांवर बसते, म्हणून सांगते.

आता फाईलबद्दल. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापासून एक फोल्डर करा. त्यात तुम्ही केलेल्या प्रत्येक पेपर रिव्ह्यूची आभाराची मेल, परिषदेच्या समितीवर घेतल्याचं पत्र, पुरस्कार, तुमच्या कामाचा कुणी सविस्तर उल्लेख केला असेल तर ते पान, असं सगळं तारखेसकट टाकत जा. ईबी-१ या ग्रीन कार्डच्या सर्वांत वरच्या प्रवर्गातल्या अर्जाला नेमके हेच पुरावे लागतात: इतरांच्या कामाचं परीक्षण, मूळ स्वरूपाचं संशोधन, प्रकाशित लेख, पुरस्कार. सहा वर्षांनी ते शोधायला बसलात तर अर्ध्या मेल जुन्या विद्यापीठाच्या बंद झालेल्या खात्यात अडकलेल्या असतात. आणि गंमत नव्हे, हाच फोल्डर पुढे टेन्युअरच्या फाईललाही जसाच्या तसा उपयोगी पडतो.

राष्ट्रीय हिताच्या कारणावरून स्वतःच करता येणारा ईबी-२ या त्याखालच्या प्रवर्गातला अर्ज, ज्याला सगळे एनआयडब्ल्यू म्हणतात, काही जण पीएचडीतच करतात, कारण त्याने प्रायॉरिटी डेट लवकर हातात येते. कल्पना चांगली आहे, पण एक सावधगिरी बाळगा. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, परत जाण्याच्या हेतूवर दिलेला असतो. ग्रीन कार्डचा अर्ज केल्यानंतर पासपोर्टवर व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी भारतात गेलात तर वकिलातीत त्यावरून प्रश्न येऊ शकतो. नजीकच्या काळात घरी जायचं असेल तर आधी वकिलाशी बोला.

दुसरी पायरी: पोस्टडॉक कोणत्या व्हिसावर

ईसीईत पोस्टडॉक सक्तीचा नाही. फोटॉनिक्स, डिव्हाइसेस, क्वांटम या बाजूला तो जवळपास रूढ आहे. कम्युनिकेशन्स, कंट्रोल, पॉवर सिस्टिम्समध्ये थेट नोकरी लागणारेही बरेच दिसतात.

पीएचडीनंतर एफ-१ वरच १२ महिने ओपीटी, म्हणजे काम करायची मुभा, मिळते आणि आपल्या विषयांसाठी तिला आणखी २४ महिन्यांची जोड मिळते. हा काळ सोन्यासारखा आहे, त्यात घाईने जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा) घेऊ नका. काही विद्यापीठं पोस्टडॉकला सवयीने जे-१ देतात. जे-१ वर टेन्युअर-ट्रॅकची, म्हणजे टेन्युअरकडे नेणारी, जागा घेता येत नाही, आणि काही जे-१ धारकांना दोन वर्षं मायदेशी राहून यायची अट लागते. २०२४ च्या डिसेंबरात, ही अट कोणत्या देशांना लागते ते ठरवणाऱ्या कौशल्यांच्या यादीतून भारताचं नाव निघालं, त्यामुळे त्या कारणाने ही अट आता आपल्याला लागत नाही. सरकारी पैशावर, उदाहरणार्थ फुलब्राइटवर, आलेल्यांना मात्र ती लागते.

एच-१बीच्या लॉटरीची धास्ती आपल्या मुलांच्या मनात इतकी बसली आहे की विद्यापीठांना ती लागू नाही हे कित्येकांना माहीतच नसतं. कंपन्यांसाठी वर्षाला ६५ हजार आणि इथल्या मास्टर्स-पीएचडीवाल्यांसाठी वर २० हजार अशी मर्यादा आहे. विद्यापीठं त्या मर्यादेबाहेर आहेत आणि वर्षात केव्हाही अर्ज करू शकतात. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र एक नवा धोंडा आला: देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क. ते प्रकरण न्यायालयांतही गेलं. त्यामुळे पुण्यात बसून थेट नोकरीचा अर्ज करणाऱ्याने आणि इथे ओपीटीवर असलेल्याने आपापली स्थिती त्या महिन्यात इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घ्यावी. कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका, माझ्याही नाही.

तिसरी पायरी: अर्जांचा हंगाम

जाहिराती साधारण सप्टेंबर ते डिसेंबरात येतात, मुलाखती जानेवारी ते एप्रिलमध्ये होतात. अर्जात सीव्ही, कव्हर लेटर, संशोधनाचं आणि अध्यापनाचं निवेदन आणि तीन ते पाच जणांची शिफारसपत्रं असतात. पत्रांसाठी ऑगस्टमध्येच विचारा. एक पत्र तुमच्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाचं असू द्या.

विद्यार्थी असताना ईसीई विभागप्रमुखांच्या संघटनेचा, ईसीईडीएचएचा, प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठीचा आयरिडिफाइन कार्यक्रम बघा. तिथे देशभरचे विभागप्रमुख एकाच ठिकाणी भेटतात.

जॉब टॉकबद्दल, म्हणजे मुलाखतीतल्या व्याख्यानाबद्दल, एकच गोष्ट सांगते. श्रोत्यांत पॉवर सिस्टिम्सपासून ऑप्टिक्सपर्यंत सगळे बसलेले असतात आणि मत सगळ्यांना असतं. पहिली पंधरा मिनिटं त्या सगळ्यांना कळली पाहिजेत. आपल्याकडे समीकरणं भराभर मांडली की हुशारी दिसते असं मनात असतं. इथे त्याने उलट दिसतं. उच्चारांची काळजी करू नका, फक्त सावकाश बोला. माझ्या पहिल्या टॉकचा सराव मी सहा वेळा केला, त्यातला एकदा आमच्या अपार्टमेंटमधल्या इतिहासाच्या विद्यार्थिनीसमोर. ती ज्या स्लाइडवर अडली ती मी काढून टाकली.

मुलाखतीत लग्न, मुलं, कोणत्या देशाचे नागरिक आहात हे विचारू नये असा इथला दंडक आहे. स्पॉन्सरशिप लागेल का, एवढं विचारू शकतात. त्याचं उत्तर सरळ ‘हो’ असं द्या, लपवाछपवी नको.

चौथी पायरी: ऑफर आली की

इथे थांबा आणि सावकाश वाचा, कारण माझी चूक इथेच झाली.

ऑफर आली की घरी आनंदाचा कल्लोळ होतो. सांगलीला आईने गणपतीला मोदक ठेवले, आणि मी दोन दिवसांत सही करून पत्र परत पाठवलं. संशोधन सुरू करायला मिळणारी स्टार्टअपची रक्कम, प्रयोगशाळेची जागा, पहिल्या वर्षी किती कोर्स, किती विद्यार्थ्यांचा खर्च, हे सगळं मी विचारलं होतं. पगार नऊ महिन्यांचा असतो, म्हणून पहिल्या दोन उन्हाळ्यांचा पगारही मागितला होता. ग्रीन कार्डबद्दल चेअर, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले, ‘पहिलं वर्ष स्थिर व्हा, मग बघू.’ मला ते समजूतदारपणाचं वाटलं आणि मी मान डोलावली.

मला माहीत नव्हतं ते असं. कॉलेजच्या शिक्षकांसाठी लेबर सर्टिफिकेशनची, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कामगार खात्याकडून घ्यायच्या मंजुरीची, एक खास सोय आहे. एरवी ‘या जागेसाठी किमान पात्र असा एकही अमेरिकन मिळाला नाही’ हे दाखवावं लागतं. शिक्षकांच्या बाबतीत मात्र आलेल्या अर्जदारांत तुम्ही सर्वांत पात्र होतात एवढं दाखवलं की पुरतं. आणि भरती आधीच झालेली असल्याने ती पुन्हा करावी लागत नाही. अट अशी की निवड झाल्याच्या दिवसापासून १८ महिन्यांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. शिवाय त्या भरतीची जाहिरात देशव्यापी व्यावसायिक नियतकालिकात छापून आलेली हवी, किंवा अशा नियतकालिकाच्या संकेतस्थळावर निदान ३० दिवस राहिलेली हवी, आणि त्याचा पुरावा हवा. अर्जाआधी कामगार खात्याकडून त्या जागेच्या प्रचलित वेतनाचा दाखला मागवावा लागतो, त्यातच कित्येक महिने जातात. म्हणजे १८ महिने ऐकायला खूप वाटतात, हाताशी मात्र वर्षभरही उरत नाही.

मी २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुजू झाले. निवड मार्चमध्ये झाली होती. मी पुन्हा विषय काढला तेव्हा १९ महिने उलटून गेले होते. विभागाला त्याच जागेसाठी नव्याने जाहिरात द्यावी लागली, माझ्याच जागेसाठी अर्ज येत असताना मला बाहेर थांबून वाट बघावी लागली, आणि आमचा आय-१४०, म्हणजे विद्यापीठाने माझ्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर व्हायला २०१६ ची अखेर उजाडली. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला काम करायची परवानगी साधारणपणे आय-१४० मंजूर झाल्यावरच मागता येते. माझा नवरा पुण्यातली चांगली नोकरी सोडून आला होता. तीन वर्षं तो घर सांभाळत होता आणि एकदाही बोलला नाही. मी लॅबमधून उशिरा यायचे तेव्हा जेवण झाकून ठेवलेलं असायचं. ते ताट आठवलं की अजूनही मला वाईट वाटतं.

तेव्हा ऑफरवर सही करण्याआधी या गोष्टी मेलवर लिहून घ्या: एच-१बीचा अर्ज केव्हा जाईल, ग्रीन कार्डची प्रक्रिया रुजू झाल्यापासून कोणत्या महिन्यात सुरू होईल, जाहिरात कुठे आली होती आणि तिची प्रत कुणाकडे आहे, विभागातलं कोण हे बघणार. एच-१बीचा आणि लेबर सर्टिफिकेशनचा खर्च कायद्याने नोकरी देणाऱ्यानेच करायचा असतो, तो तुमच्याकडे कुणी मागू नये. जोडीदाराच्या नोकरीचा प्रश्न आताच काढा. विद्यापीठं त्यासाठी मदत करतात, पण सही झाल्यावर त्यांचा उत्साह ओसरतो.

आणि लवकर अर्ज करण्यातला खरा लाभ असा: ईबी-२ ची प्रायॉरिटी डेट एकदा आय-१४० मंजूर झाला की पुढच्या अर्जाला नेता येते. ईबी-२ मध्ये भारतीयांची रांग फार लांब आहे, पण तीन वर्षांचा संशोधनाचा किंवा अध्यापनाचा अनुभव आणि टेन्युअर-ट्रॅक नोकरी असली की विद्यापीठ तुमच्यासाठी ईबी-१बी (ईबी-१ मधला प्राध्यापक-संशोधकांचा उपप्रवर्ग) दाखल करू शकतं. सहा निकषांपैकी दोन पुरे होतात. ईबी-१ लाही आपल्याला काही वर्षं थांबावं लागतं, मात्र जुनी तारीख हातात असेल तर ती वाट आधीच चालून झालेली असते. शिवाय मंजूर आय-१४० असला की एच-१बी सहा वर्षांच्या पुढेही वाढवता येतो.

पाचवी पायरी: टेन्युअरची वर्षं

एनएसएफ या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेचा करिअर पुरस्कार हे नव्या प्राध्यापकाचं पहिलं मोठं शिखर. पाच वर्षांचं, काही लाख डॉलरचं अनुदान. नागरिकत्वाची अट नाही, एकूण तीनदाच अर्ज करता येतो. पहिल्याच उन्हाळ्यात घाईने एक संधी उधळू नका. प्रयोगशाळेतून थोडे निकाल हातात आल्यावर लिहा. मला तो दुसऱ्या प्रयत्नात मिळाला.

नौदल आणि हवाईदलाच्या तरुण संशोधकांसाठीच्या योजनांना मात्र नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. रडार, अँटेना, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स या विषयांत हा पैसा मोठा असतो. इथे दोन्ही घड्याळं एकमेकांत गुंततात: ग्रीन कार्ड उशिरा आलं की टेन्युअरच्या फाईलमधली एक ओळ रिकामी राहते. सहकारी विचारतात, ‘तू तिथे अर्ज का करत नाहीस?’ त्यांना कारण स्पष्ट सांगा, आणि वार्षिक आढाव्यातही लिहा.

टेन्युअरचा निर्णय शेवटी बाहेरच्या पत्रांवर ठरतो. तुमचा गाईड आणि सहलेखक त्यात चालत नाहीत; ज्यांनी तुमच्याबरोबर कधी काम केलेलं नाही, अशा नामवंतांना विद्यापीठ पत्र पाठवतं आणि विचारतं, या व्यक्तीचं काम कसं आहे? म्हणून तिसऱ्या वर्षापासून इतर विद्यापीठांत सेमिनार द्यायला जा. कुणी बोलावेल म्हणून वाट बघू नका, आपण होऊन विचारा. आपल्या संस्कारात हे आगाऊपणाचं वाटतं. मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अक्षरशः समोर बसवून तीन मेल लिहायला लावल्या. तिघांनीही आनंदाने बोलावलं.

घरी जाण्याबद्दल थोडं. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख आणि इथे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या आय-९४ ची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली संपली तरी इथे राहून काम करता येतं, पण बाहेर गेलात तर परत येण्यासाठी नवं स्टॅम्पिंग लागतं, आणि भारतात त्याच्या भेटीची तारीख मिळायला महिने लागू शकतात. आईवडील थकत चालले असतील तर मे महिन्यात सेमिस्टर संपल्याबरोबर स्टॅम्पिंग करून घ्या, म्हणजे रात्री फोन आला तर विमान पकडता येईल. मूल झालं तर बहुतेक विद्यापीठं टेन्युअरचं घड्याळ एक वर्ष थांबवतात. ते न संकोचता घ्या.

पुढे: चेअर, डीन आणि त्यापलीकडे

प्रदीप खोसला यांचा आलेख मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी काढून दाखवते. जन्म मुंबईचा, १९८० मध्ये आयआयटी खरगपूर, १९८६ मध्ये कार्नेगी मेलनमधून पीएचडी आणि तिथेच प्राध्यापक. १९९४ ते १९९६ डार्पा या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत प्रोग्राम मॅनेजर. १९९९ मध्ये ईसीई विभागप्रमुख, २००४ मध्ये अभियांत्रिकीचे डीन, २०१२ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चॅन्सेलर. त्यात डार्पाची दोन वर्षं नीट बघा: पैसा कोणत्या प्रश्नांना, का आणि कसा दिला जातो, हे टेबलाच्या पलीकडून दिसतं. अशा जागा एनएसएफमध्येही फिरत्या असतात. पूर्ण प्राध्यापक झाल्यावर एखादी जरूर घ्या.

माझं ठाम मत आहे की पूर्ण प्राध्यापक होण्याआधी चेअर होऊ नये, कितीही आग्रह झाला तरी. बजेट, वेळापत्रक, तक्रारी यांत संशोधन दोन वर्षांत वाळून जातं. त्याआधी छोटी कामं घ्या. ग्रॅज्युएट प्रवेशसमिती सांभाळा. एबीईटी ही संस्था अभ्यासक्रमांना देते त्या मान्यतेची फेरी साधारण सहा वर्षांनी येते, तिचं समन्वयन कुणालाच नको असतं. ते मागून घ्या, विभागाचा प्रत्येक कोर्स आतून कळतो. आपल्या लोकांना ‘तांत्रिक बाजू उत्तम’ म्हणून वाखाणतात आणि नेतृत्वासाठी विचारायचं विसरतात. तेव्हा डीनना स्पष्ट सांगा की तुम्हाला हे करायचं आहे. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची फेलोशिप १९६५ पासून चालू आहे, तीत दुसऱ्या विद्यापीठाच्या अध्यक्षांबरोबर राहून शिकता येतं.

कैलाथांनी दुसरी वाट धरली. १९७१ ते १९८० स्टॅनफर्डच्या इन्फर्मेशन सिस्टिम्स लॅबचं संचालकपद, दर दहाएक वर्षांनी नवा विषय, आणि सुमारे ८० पीएचडी विद्यार्थी. भारतीय नौदलातून आलेले आरोग्यस्वामी पॉलराज त्यांच्याच गटात होते. वायरलेसमधल्या मायमो, म्हणजे एकाच वेळी अनेक अँटेना वापरणाऱ्या, तंत्रज्ञानाचा पाया पॉलराज यांनी पुढे स्टॅनफर्डलाच घातला. डीनच्या खुर्चीशिवायही एखादा माणूस अख्खं क्षेत्र उभं करू शकतो, हे तिथे दिसतं. तुमचा स्वभाव कोणता, हे चाळिशीत प्रामाणिकपणे बघा.

मी चेअर झाले त्याच वर्षी आमच्याकडे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची जागा निघाली. कोण निवडलं जाईल, कुठल्या देशाचं असेल, काहीच माहीत नव्हतं. जाहिरात नियतकालिकाच्या संकेतस्थळावर चढली त्या सकाळी मी स्वतः त्या पानाची तारखेसकट प्रत काढून फाईलला लावली. तीस दिवस झाल्यावर दुसरी काढली, आणि वरच्या कागदावर निवडीनंतरच्या अठराव्या महिन्यासाठी एक जागा मोकळी सोडली.